रस्त्याचा चेहरा कोण ठरवतं?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडून हुतात्मा चौकाकडे डी. एन. रोडच्या कडेने चालत निघालात, तर भर पावसातही बरंचसं अंतर छत्री मिटून कापता येतं. डोक्यावर इमारतीचा पहिला मजला असतो, एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला कमानींची रांग. रस्ता ओलांडून समोरून पाहिलं तर एक इमारत गॉथिक वळणाची, दुसरी अभिजात युरोपीय खांबांची आणि मध्येच इराणी धाटणीची अग्यारी. मालक वेगळे, वास्तुविशारद वेगळे, बांधल्याची वर्षंही वेगळी. तरीही सगळा रस्ता एका कुटुंबातला वाटतो.

हे आपोआप झालेलं नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, तेव्हाचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड, पुढे रुंद झाला आणि त्याच्या कडेला एकेक व्यापारी इमारत उभी राहत गेली. बांधणाऱ्यांना सरकारची एक अट होती : तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग सोडायचा. वरच्या मजल्यांवर ज्याने त्याने आपली हौस भागवावी. त्या एका अटीने शंभराहून अधिक वर्षं हा रस्ता बांधून ठेवला आहे.

नगररचनेत ज्याला रस्त्याचं दृश्य स्वरूप सांभाळणं म्हणतात, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं क्वचितच सापडेल. आणि नेमकं हेच आपण विसरलो आहोत. रस्ता सुंदर करायचा म्हटलं की आज खांबांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात, पुलाखाली चित्रं काढली जातात, दुभाजकात कुंड्या येतात. हा सगळा नंतरचा भाग आहे. रस्ता कसा दिसणार हे त्याच्या कितीतरी आधी विकास नियंत्रण नियमावलीतल्या रुक्ष कलमांमध्ये ठरून गेलेलं असतं. इमारत रस्त्यापासून किती आत सरकवायची, किती उंच न्यायची, तळमजल्यावर दुकान येणार की पार्किंग, पाटी केवढी लावायची, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. ती कलमं वाचायला कंटाळवाणी असल्यामुळे आपण वाचत नाही, आणि दहा वर्षांनी आपलीच गल्ली ओळखू येईनाशी झाली की हळहळतो.

इमारत कुठे उभी राहते

पहिली गोष्ट कडेची. जुन्या पेठांमधला वाडा थेट रस्त्यावर उघडायचा. दिंडी दरवाजा, बाजूला बसायला ओटा, वर लाकडी सज्जा. शेजारचा वाडा त्याला चिकटून, त्याच रेषेत. त्यामुळे रस्त्याला दोन्ही बाजूंनी सलग भिंत मिळायची आणि चालणाऱ्याला आपण एखाद्या लांबट चौकातून जातोय असं वाटायचं.

विसाव्या शतकातल्या नियमांनी प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा सोडायला लावली. नियमावलीच्या भाषेत हे सामासिक अंतर. त्यामागची कारणं खरी होती : उजेड, वारा, आग लागली तर बंब आत जाण्याची सोय. पण इमारत आत सरकली की पुढच्या मोकळ्या जागेभोवती कंपाउंडची भिंत येते, आणि फुटपाथवरून चालणाऱ्याच्या वाट्याला ती भिंतच राहते. दाट वस्तीच्या भागात हे अंतर शिथिल केलेलं असतं. तिथे मात्र दुसरी अडचण आहे : रस्तारुंदीची रेषा. आराखड्यात रस्ता रुंद दाखवला की जी इमारत पाडून नव्याने बांधली जाईल तेवढीच मागे सरकते. शेजारचे दोन जुने वाडे जागच्या जागी राहतात. त्यांचा पुनर्विकास आणखी वीस वर्षांनी होईल किंवा कधीच होणार नाही. तोपर्यंत रस्त्याची कड दातेरी राहते. रुंदी मिळत नाही ती नाहीच, जुनी सलग रेषाही जाते. पुण्याच्या पेठांमधून कुठेही पाच मिनिटं चाललात तर हे दिसेल. मागे सरकलेल्या इमारतीसमोर जो खाचा तयार होतो त्यात दुचाक्या लागतात किंवा कचऱ्याचा ढीग साठतो. आराखड्यावर मारलेल्या एका रेषेचा हा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. यात महत्त्वाचं असतं ते उंची आणि रस्त्याची रुंदी यांचं नातं. पॅरिसमध्ये १८५९ च्या नियमाने वीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या इमारतींची कार्निस, म्हणजे छपराखालची पुढे आलेली पट्टी, वीस मीटरच्या वर न्यायला मनाई केली. ते शहर एका उंचीत कापल्यासारखं दिसतं ते यामुळे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीतही असा एक दुवा होता : रस्त्याची रुंदी आणि समोर सोडलेली मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपट, एवढीच इमारतीची उंची. पुढे वेगवेगळ्या पुनर्विकास योजनांना सवलती मिळत गेल्या आणि अरुंद गल्लीत तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहू लागले. मनोरा उंच असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन जिथे टेकतो, तिथे काय होतं हा प्रश्न आहे.

आणि तिथे बहुतेक वेळा पार्किंग असतं. रस्त्याच्या चेहऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान पार्किंगच्या कलमाने केलं असं मला वाटतं, आणि त्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. हिशेब साधा आहे. प्रत्येक सदनिकेमागे ठरावीक गाड्यांची जागा दाखवणं बंधनकारक असतं. ती जागा एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मापात, धरली जात नाही. तळघर खणायला खर्च येतो, लहान भूखंडावर उतार बसत नाही. मग बिल्डर सोपा मार्ग घेतो. छोटी इमारत असेल तर तळमजला खांबांवर उचलतो आणि खाली गाड्या लावतो. मोठी असेल तर पार्किंगचे चार-पाच मजले एकावर एक रचून त्याला बाहेरून जाळी मारतो. यालाच पोडियम म्हणतात. आता तुम्ही फुटपाथवर आहात असं समजा. जिथे पूर्वी शिंप्याचं दुकान, पिठाची गिरणी, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि खाली डोकावणारी आजी होती, तिथे आता पाच मजल्यांपर्यंत माणूस दिसत नाही. संध्याकाळनंतर त्या पट्ट्यातून एकट्या बाईला जायला नको वाटतं. रंगरंगोटीने किंवा कुंड्यांनी हे भरून निघत नाही. नियमात एवढं जरी लिहिलं की पोडियमची रस्त्याकडची बाजू दुकानं, कार्यालयं किंवा घरांनी झाकलेली हवी आणि गाड्या त्याच्या मागे, तरी चित्र पालटतं. बिल्डरची एकही गाडी कमी होत नाही.

एकच मालक असला की सोपं जातं

मुंबईतले सर्वांत नीटनेटके भाग पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. हॉर्निमन सर्कल ही बॉम्बे ग्रीन नावाच्या मोकळ्या मैदानावर १८६० च्या दशकात आखलेली वर्तुळाकार रचना. सगळ्या इमारतींना एकसारखा दर्शनी भाग आणि खाली सलग कमानी. बॅलार्ड इस्टेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर उभी राहिली आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी तिथल्या इमारतींची उंची आणि धाटणी एका सूत्रात बसवली. मरीन ड्राइव्हही भरावाच्याच जमिनीवरची. या सगळ्या ठिकाणी जमीन सुरुवातीला एकाच सार्वजनिक संस्थेच्या हातात होती, त्यामुळे भूखंड देतानाच अटी घालता आल्या.

आजच्या शहरात अशी सोय क्वचित असते. एका रस्त्यावर दोनशे मालक, त्यांचे भाडेकरू, पागडीवाले, पोटभाडेकरू, वर दुकानदार. प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाणपणाने वागलं तरी सगळ्यांचा मिळून विचका होऊ शकतो. दुकानांच्या पाट्यांइतकं हे दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही.

पाट्यांची गोष्ट

शेजाऱ्याने सहा फुटी बोर्ड लावला की मी आठ फुटी लावतो. मग पलीकडचा दिव्यांचा लावतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की जो तो शेजारच्याशी ओरडून बोलायला लागतो आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही, तसंच हे. दहा वर्षांत सगळ्यांचा खर्च वाढतो आणि एकही पाटी धड वाचता येत नाही. यात कुणी वाईट नसतं. एकट्याने माघार घेतली तर त्याचंच नुकसान होतं, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी लागू होणारा नियम हवा.

डी. एन. रोडवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेमकी हीच अवस्था होती. कमानी फ्लेक्सखाली आणि पेटीवजा बोर्डांखाली गाडल्या गेल्या होत्या. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी रस्त्यावरच्या इमारतींचे दर्शनी भाग एकेक करून नोंदवले आणि कुठल्या इमारतीवर पाटी कुठे बसेल याची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. विचार साधा होता. कमानीला स्वतःची चौकट असते, पाटी त्या चौकटीच्या आत बसवायची. दोन कमानींमधल्या खांबावर ती यायला नको, कमानीच्या माथ्यावरचा दगड झाकायला नको, वरच्या मजल्याच्या कठड्यावर तर चढायलाच नको. पाटीची लांबी कमानीच्या रुंदीएवढी. म्हणजे पाटीचं माप दुकानदाराच्या हौसेवरून ठरत नाही, इमारतच ते सांगते.

या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. बोर्ड उतरवायला जेसीबी आला नाही. दुकानदार आणि मालक यांच्याशी बोलणी झाली, रस्त्यावरच्या लोकांची हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली आणि एकेकाने आपले बोर्ड बदलले. दिवे, बाकं, कचऱ्याचे डबे यांचीही रस्त्याला साजेशी आखणी झाली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. त्यानंतर सगळं तसंच टिकलं असं म्हणता येणार नाही. अशा कामाला सतत लक्ष लागतं. नवा भाडेकरू आला की नवा बोर्ड येतो, आणि विचारणारं कुणी नसेल तर तो जुन्या सवयीनेच लागतो.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोने याहून कठोर वाट धरली. २००६ मध्ये तिथे स्वच्छ शहराचा कायदा झाला आणि २००७ पासून रस्त्यांवरची होर्डिंग्ज सरसकट बंद झाली. दुकानाच्या पाटीचं माप दुकानाच्या दर्शनी रुंदीशी जोडलं गेलं : दहा मीटरपेक्षा अरुंद दुकानाला दीड चौरस मीटर, त्याहून रुंद असलेल्याला चार. फलक उतरल्यावर त्यांच्या मागे लपलेल्या जुन्या इमारती दिसू लागल्या आणि तशाच गरीब वस्त्याही दिसू लागल्या. रस्त्याचा चेहरा मोकळा करणं म्हणजे जे झाकलं होतं ते पाहण्याची तयारी ठेवणं, हे त्या शहराला असं कळलं.

आपल्याकडे होर्डिंगचा विषय दिसण्यापुरता उरलेलाच नाही. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट होती, ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली असल्याने परवानगी कुणी द्यायची यावरच वाद होता. शहरात रेल्वे, बंदर, लष्कर, राज्य सरकार अशा अनेकांच्या जमिनी असतात आणि प्रत्येक जण आपला नियम वेगळा मानतो. रस्त्याला मात्र या हद्दी दिसत नाहीत. चौकात उभ्या असलेल्या माणसालाही दिसत नाहीत. म्हणून फलकांचा नियम जमिनीच्या मालकीनुसार बदलता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

मराठी पाट्यांचा नियमही याच कुळातला आहे, जरी आपण त्याकडे भाषेचा प्रश्न म्हणून पाहतो. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात प्रत्येक दुकानावर देवनागरीत मराठी पाटी हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करायला सांगितलं. नियम मला मनापासून पटतो. रस्त्याचा चेहरा आपल्या लिपीत असावा ही अपेक्षा अगदी रास्त आहे. पण हा नियम अक्षरांच्या मापाबद्दल बोलतो, बोर्ड केवढा आणि कुठे हे सांगत नाही. परिणामी पुष्कळ ठिकाणी जुन्या इंग्रजी बोर्डाच्या वर फ्लेक्सची एक पट्टी चिकटवून काम भागवलं गेलं आहे, तीही संगणकातल्या पहिल्या हाताला लागलेल्या टंकात, वेलांट्या कापलेल्या. एकेकाळी पेंटर हाताने जी देवनागरी रंगवत, तिचा डौल पाहिलेल्या माणसाला हे टोचतं. एखाद्या महापालिकेने चार-पाच चांगले देवनागरी टंक आणि पाटीच्या जागेचे साधे नमुने दुकानदारांना फुकट दिले, तर थोडक्या खर्चात किती रस्ते सुधारतील!

जपायचं कसं, आणि कुणाच्या खर्चाने

जुना रस्ता वाचवायचा तर पाट्या पुरत नाहीत, इमारती राहायला हव्यात. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. देशातल्या महानगरांमध्ये ती पहिली. तिच्यात तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, ज्यांना हात लावणं जवळजवळ अशक्य. दुसरी श्रेणी स्थानिक महत्त्वाची, तिचे पुन्हा अ आणि ब असे भाग. तिसऱ्या श्रेणीत अशा इमारती येतात ज्या एकेकट्या थोर नसतात, पण त्या मिळून परिसराचं रूप घडवतात. खोताच्या वाडीसारखा अख्खा परिसरही असाच यादीत येतो.

म्हणजे रस्त्याच्या चेहऱ्याशी थेट संबंध आहे तो तिसऱ्या श्रेणीचा, आणि नेमकं तिचंच संरक्षण सगळ्यात पातळ आहे. या श्रेणीत पुनर्विकासाला वाव आहे, सवलतीही वाढत गेल्या आहेत. वारसा समिती सल्ला देते, अंतिम निर्णय आयुक्तांचा. सीएसएमटी कुणी पाडणार नाही. गिरगावातली एक चाळ, तिच्या पुढचं कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल, त्याच्या शेजारचं लाकडी गॅलरीचं घर हे एकेक करून जातं, आणि प्रत्येक वेळी एकाच इमारतीचा प्रश्न असल्याने कुणी फारसं बोलत नाही.

मात्र इमारतीच्या मालकाची आणि रहिवाशांची बाजू सोडून हा विचार करणं अन्यायाचं होईल. १९४७ च्या भाडेकायद्याने गोठलेल्या भाड्यातून मालकाला इमारतीचा रंगही परवडत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं छत गळतं, त्याला टॉवरमधला फ्लॅट हवा असतो. २०१२ मध्ये शिवाजी पार्क परिसर प्रस्तावित वारसा यादीत आला तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच जोरदार विरोध केला, कारण त्यांना आपल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडकेल असं वाटलं. त्यांना सौंदर्याची जाण नाही म्हणून हिणवणं सोपं आहे, पण खर्च त्यांच्यावर पडणार होता आणि झाडांच्या सावलीतल्या त्या रस्त्यांचा आनंद सगळ्या शहराला मिळणार होता.

यावर नियमावलीत एक उपाय आहे : वारसा टीडीआर, म्हणजे विकास हक्कांचं हस्तांतरण. वारसा यादीमुळे ज्या मालकाला पूर्ण बांधकाम करता येत नाही, त्याला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकता येतो. कल्पना न्याय्य आहे. ती लहान मालकांपर्यंत पोहोचायला हवी आणि मिळालेल्या पैशातला काही भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीला लागायला हवा. हे जमलं तर तिसऱ्या श्रेणीतल्या इमारती जगतील.

आणखी एक गोष्ट. रस्ता नीट दिसावा म्हणून सगळ्यात आधी उचलले जातात ते फेरीवाले. कमानींखाली पुस्तकं, घड्याळाचे पट्टे, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांना विद्रूपता समजणारी नजर मला मान्य नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिला आहे, आणि कुठे, किती जागेत, चालायला किती फूट मोकळे सोडून बसायचं हे ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समितीची सोय केली आहे. एका कमानीत एक टपरी, खांबाला चिकटून, आत चालायला पुरती वाट मोकळी, अशी आखणी करणं हे पाटीचं माप ठरवण्याइतकंच रस्त्याच्या रचनेचं काम आहे.

तुम्ही-आम्ही कुठे बोलायचं

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवणं बंधनकारक असतं. नियमावलीत फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ खाली नोटीस निघते आणि साधारण महिनाभराची मुदत असते. ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये नवा आराखडा जाहीर झाला तेव्हा लोकांनी तो बारकाईने वाचला, नोंद न झालेल्या वारसा वास्तू आणि इतर चुका दाखवून दिल्या, आणि एप्रिलमध्ये तो मसुदा नव्याने करायचा आदेश निघाला. हरकती वाया जातात हा समज त्या दोन महिन्यांनी खोटा पाडला.

हरकत लिहिताना ‘आमच्या भागाचं सौंदर्य जपावं’ एवढंच लिहिलंत तर त्यावर सुनावणीत बोलण्यासारखं काही राहत नाही. त्याऐवजी कलमाचा क्रमांक द्या, रस्त्याचा फोटो जोडा आणि कुठले शब्द बदलून कुठले हवेत ते लिहा. उदाहरणार्थ : पार्किंगच्या कलमात असं जोडावं की नऊ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याकडे तोंड असलेल्या इमारतीच्या तळमजल्याची रस्त्याकडची बाजू दुकानं, कार्यालयं किंवा राहत्या खोल्यांची असेल. नऊच्या जागी तुमच्या रस्त्याला लागू होईल तो आकडा टाका. अर्जावर शेजारच्या दहा सोसायट्यांच्या सह्या घ्या, पोच घ्यायला विसरू नका, आणि सुनावणीची तारीख आली की स्वतः हजर राहा.